जुळवणी

आमच्या आष्टी तालुक्यात 'जुळवणे' हा शब्द पूर्वी दोन प्रसंगी हमखास कानी पडे. एक, लग्न जुळवताना आणि दुसरा, बैलजोडी जुळवताना. दोन्ही कामे घरातील वडीलधाऱ्यांची. ज्यांची जुळवणी व्हायची, त्यांना कोणी विचारीत नसे. बैलांचे एक वेळ ठीक; पण माणसांच्या बाबतीतही ही रीत इतकी अंगवळणी पडलेली होती, की तिच्यात काही वावगे आहे असे फारसे कोणाच्या मनात येत नसे. २०२५ च्या मे महिन्यात या शब्दाला आमच्या घरात तिसरा अर्थ लाभला, आणि तो आणला माझ्या सोळा वर्षांच्या मुलीने.

तिची दहावी झाली होती. तिला संगणक हवा होता. तोही दुकानातला तयार नव्हे. सुटे भाग निवडून, विकत आणून, स्वतःच्या हाताने घरी जोडायचा. मी शाळामास्तर माणूस. मला बरेच वाटले. चित्रकलेसाठी असेल, प्रोग्रामिंग शिकण्यासाठी असेल, असे मीच तिला सुचवू लागलो. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, अभ्यासाचे शाळेतल्या संगणकावर भागते. मला हा खेळायलाच हवा आहे."

या उत्तराने मी जरा अडखळलो. आम्हां शिक्षकांना खेळ चालतो. पण त्याच्यावर 'बुद्धीस चालना देणारा' अशी एखादी चिठ्ठी चिकटवलेली असली म्हणजे आम्ही निर्धास्त असतो. मुलगा असता तर शेजारीपाजारी हसून म्हणाले असते, पोरगा खेळणारच. मुलीने मात्र खेळासाठी यंत्र मागितले, की लोक आधी तिच्याकडे आणि मग तिच्या बापाकडे पाहतात.

पैसे होते, आणि ते तिच्याच नावावर होते. मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, पोस्टात तिच्या नावे मी आवर्ती ठेव सुरू केली होती. दरमहा १००० रुपये, व्याज ५.८ टक्के, मुदत पाच वर्षे. साठ हप्ते पुरे झाले आणि ६९,६९७ रुपये हाती आले. या पैशांवर माझ्या आईचा पहिल्या दिवसापासून डोळा होता. नातीला पाटल्या करायच्या! पण एप्रिल २०२५ मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाखाचा आकडा गाठला होता. पाच वर्षांच्या बचतीत एक तोळाही येईना.

"तोळा न्हाई तर अर्धा घे," आई म्हणाली. "सोनं कुठं जात न्हाई. ते डबडं चार वर्षांत भंगारात जाईल."

तिच्या बोलण्यात तथ्य होते. पण पाटल्या म्हणजे नुसते सोने नव्हे. आमच्याकडे मुलीच्या नावे सोने घेतले, की त्या सोन्याची तारीख सगळ्यांच्या मनात ठरलेली असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या शंभर स्त्रियांमागे चाळिसांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. हा आकडा मला छापील अहवालात वाचावा लागत नाही. दसरा झाला की माणसे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात, आणि माझ्या वर्गातले बाक रिकामे होतात. वयात आलेली मुलगी घरी एकटी ठेवायची भीती आणि फडावर न्यायचीही भीती. मग तिची जुळवणी लवकर उरकली जाते. अशा मुली हुशार नसतात असे नाही; त्यांना कशाचीच निवड करायला मिळालेली नसते, एवढेच.

म्हणून मी मुलीला सांगितले, "पैसे तुझे. निवडही तुझीच. पण हिशेब या ६९,६९७ मध्ये बसव. वर एक रुपया मिळणार नाही."

तिने दोनशे पानी वही घेतली आणि आठ दिवस ती वही तिच्या उशाशी होती. मला वाटले होते, ती सर्वांत महाग भागापासून सुरुवात करील. तिने सुरुवात केली पडद्यापासून. साध्या १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर खेळायचे, हे आधी ठरले. त्याहून मोठा पडदा घेतला तर चित्र रंगवणारे कार्ड मोठे हवे. कार्ड मोठे झाले की वीज जास्त, उष्णता जास्त, खर्च जास्त.

माझे वडील सुतार होते; बैलगाड्या करीत. बाभळीचा तुंबा, त्यात बसणारे आरे, वरून गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चढवलेली लोखंडी धाव, हे सारे मी लहानपणी अंगणात पाहिले आहे. गिऱ्हाईक आले की ते पहिला प्रश्न विचारीत, "गाडीत काय वाहणार?" ऊस, कडबा की माणसे, हे कळल्याशिवाय ते लाकडाला हात लावीत नसत. मुलीने त्यांना पाहिलेलेही नाही. पण तिच्या वहीचे पहिले पान वाचताना मला ते आठवले.

पडद्यानंतर तिने रेडिऑन आरएक्स ६६०० हे ग्राफिक्स कार्ड धरले. २०२१ साली आलेले, म्हणजे नव्याच्या नवलाईतून उतरलेले. त्यावर आठ गिगाबाइटची स्वतःची मेमरी, आणि विजेची भूक १३२ वॅट. किंमत २०,४०० रुपये, सर्व यादीत सर्वांत मोठी. प्रोसेसर रायझन ५ ५६००, सहा गाभ्यांचा, ६५ वॅटचा. याहून भारी प्रोसेसर घेतला असता तर तो कार्डाची वाट पाहत बसला असता. हलका घेतला असता तर कार्ड त्याची वाट पाहत बसले असते. आणि त्याला बसायची खाच एएम४ या जातीची, म्हणून मदरबोर्डही त्याच जातीचा हवा. दुसऱ्या जातीचा कितीही चांगला असला तरी तो बसणारच नाही.

मेमरी सोळा गिगाबाइट हवी होती. सोळाची एक पट्टी घेण्याऐवजी तिने आठ-आठच्या दोन घेतल्या. कारण विचारले तर म्हणाली, "दोन पट्ट्या असल्या की माहितीला ये-जा करायला दोन वाटा मिळतात." आई पलीकडे शेंगा फोडीत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "म्हंजे एका दांडग्या बैलापरीस सारखी जोडी बरी." मुलगी आनंदाने ओरडली, "हो आजी, तेच!" पण आई तेवढ्याने विरघळली नाही. "बैल शेणखत तरी देतो," असे म्हणून ती पुन्हा शेंगांकडे वळली.

खरी ओढाताण झाली ती शेवटी. विजेचा पुरवठा करणारी पेटी, म्हणजे पॉवर सप्लाय, तिने नावाजलेली ५५० वॅटची घेतली. कार्ड, प्रोसेसर आणि बाकीचे मिळून तीनशेच्या आतच लागणार. मग एवढी कशाला, असे मी विचारले. ती म्हणाली, निम्म्या भारावर ही पेटी नीट चालते. भिंतीतून घेतलेल्या शंभर भागांपैकी पंच्याऐंशी भाग कामाला येतात, उरलेल्याची उष्णता होते. शिवाय पुढे कार्ड बदलले तर पेटी बदलावी लागणार नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून यूपीएस अटळ. ६०० व्हीएच्या यूपीएसवर आतल्या बाजूला ३६० वॅट लिहिलेले असतात, १००० व्हीएच्यावर ६००. तिने हजाराचा धरला. आणि तिथे हिशेब ४०३ रुपयांनी वर गेला!

मी चारशे तीन रुपये देऊ शकलो असतो. दिले नाहीत; तीही मागायला आली नाही. तिने एका रात्रीत एक टेराबाइटची साठवण खोडली आणि तिच्या जागी निम्मी लिहिली. १९०० रुपये वाचले. समासात तिने एक वाक्य लिहिले होते: 'जे नंतर जोडता येते ते आत्ता कमी घ्यावे, जे नंतर बदलणे कठीण ते आत्ताच नीट घ्यावे.' एकूण ६८,२००. शिल्लक १,४९७. हे वाक्य मी नंतर कितीदा तरी मनाशी घोळवले. आयुष्याच्या जुळवणीत आपण नेमके उलटे करतो. जे नंतरही करता आले असते ते घाईने उरकतो, आणि जे पुन्हा बदलता येणार नाही ते दुसऱ्यांवर सोपवतो.

खरेदीसाठी आम्ही तिच्या मामाकडे मुंबईस गेलो. वाटेत पुण्यास गाडी बदलली, तेव्हा मी तिला परम महासंगणकाची हकीकत सांगितली. अमेरिकेने हव्या त्या ताकदीचा महासंगणक द्यायचे नाकारल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. अकोला जिल्ह्यातून आलेले विजय भटकर तिचे प्रमुख. १९९१ साली त्यांनी 'परम ८०००' उभा केला तो ब्रिटनमध्ये बनलेले चौसष्ट ट्रान्सप्युटर एकत्र जोडून. एकही भाग राक्षसी नव्हता. सामर्थ्य होते ते जोडणीत. त्याआधी १९६० मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफरॅक' तयार झाला, तोही अशाच सुट्या भागांतून. त्यात निर्वात नळ्याच सुमारे २७०० होत्या. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बाबा, त्यावर कोणी कधी खेळले का हो?"

ग्रँट रोड स्टेशनजवळचा तो रस्ता अजूनही लोकांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच आहे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे ते नाव. पाट्यांवर मात्र डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे लिहिलेले असते. १९७५ साली 'शोले' इथल्याच मिनर्व्हा चित्रपटगृहात लागला आणि पाच वर्षे चालला. आता या रस्त्यावर गर्दी होते ती वायरी, पट्ट्या आणि पंखे घेणाऱ्यांची. खोक्यांच्या भिंतीमागून एक दुकानदार माझ्याशी बोलू लागला, "साहेब, मुलासाठी ना? हा दिव्यांचा सेट घ्या, रात्री सात रंगांत झळकतो."

मी म्हटले, "यांना विचारा. गिऱ्हाईक या आहेत."

त्याने तिच्याकडे पाहिले. तिने वही उघडून कार्डाची लांबी आणि कॅबिनेटची आतली जागा मिलिमीटरमध्ये वाचून दाखवली आणि दिव्यांचे पैसे विजेच्या पेटीत घातले आहेत असे सांगितले. तो हसला नाही. त्याने वही स्वतःकडे ओढून घेतली, यादी वरपासून खालपर्यंत वाचली, आणि आतल्या पोऱ्याला हाक मारून म्हणाला, "ताईंना माल दाखव." एवढ्या प्रवासात मला सर्वांत मोलाचे वाटले ते हे वाक्य.

जोडणीचा दिवस रविवारचा. मी पंखा बंद करून बसलो, कारण धूळ उडे. तिने आधी लोखंडी खिडकीला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. प्रोसेसरच्या तळाशी १३३१ नाजूक पिना. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणासमोर आणून तिने तो नुसता ठेवला. दाबला नाही. तो आपल्या वजनानेच खाली बसला. तासाभराने बटण दाबले तेव्हा पंखे फिरले, पण पडदा काळाच राहिला. आम्ही सारे तिच्याकडे पाहत होतो. तिने वीज तोडली, मेमरीची एक पट्टी काढली, पुन्हा सरळ बसवली आणि दोन्ही टोके 'टक' वाजेपर्यंत दाबली. या वेळी पडदा उजळला.

२०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी जगभरची मेमरी उचलायला सुरुवात केली, आणि तिने ३,१०० रुपयांत घेतलेल्या त्या जोडीचा भाव काही महिन्यांत दुपटीहून वर गेला. सोनेही चढलेच होते. "आजी, माझ्या पाटल्याही महागल्या," असे ती म्हणाली, तेव्हा आई म्हणाली, "त्या मोडून दाखव मग." आईचे मत बदललेले नाही, आणि ते बदलावे असा आमचा हट्टही नाही. धूळ बसू नये म्हणून बंद कॅबिनेटवर रोज रात्री स्वतःचे जुने सुती लुगडे घडी करून घालते, ती मात्र तीच.

उरलेले १,४९७ रुपये मुलीने पोस्टात परत भरले. ती अजून खेळते. अभ्यास झाला की तास-दीड तास. गेल्या हिवाळ्यापासून माझ्या वर्गातली एक मुलगी रविवारी आमच्याकडे येऊ लागली. तिचे आईवडील फडावर होते. ती आजोबांपाशी राहिली होती. दोघी आळीपाळीने खेळत. एक खेळे, दुसरी मागे उभी राहून ओरडून वाटा सांगे. मी दारातून पाहत असे. खेळातले मला काहीच कळत नसे, पण कुठल्या वाटेने जायचे याबद्दल दोघींचे कडाक्याचे भांडण चाललेले ऐकून बरे वाटे.

एकदा आई बाहेरच्या खोलीत आली, थोडा वेळ त्या गोंधळाकडे पाहत राहिली, आणि मला म्हणाली, "आरं, ती पोर मघापासून उभी हाय. दुसरी खुर्ची आण."