बसायचे कुठे?

मराठी भाषेतील काही साधी, घरगुती क्रियापदे काळाच्या ओघात भलत्याच संगतीला लागतात. ‘बसणे’ हे त्यांपैकी एक. दारात आलेल्या माणसाला आपल्याकडे प्रथम ‘बसा’ म्हणतात. पाणी त्यानंतर येते आणि ‘काय काम काढलंत?’ हा प्रश्न तर त्याहूनही नंतर. परंतु आज श्रीगोंद्याच्या बाजारपेठेत दिवेलागणीला एक तरुण दुसऱ्याला ‘काय, बसायचं का?’ असे विचारतो, तेव्हा त्याच्या मनात ओटा नसतो, घोंगडी नसते, की देवळापुढचा पारही नसतो. बाटलीचा उल्लेखसुद्धा न करता बाटली ठरून जाते. इतके निर्मळ क्रियापद बाटलीच्या दावणीला कसे बांधले गेले, हा प्रश्न आम्हांला बरेच दिवस छळीत आहे.

श्रीगोंदा हे जुने आणि नांदते गाव. शिंदे सरदारांच्या वैभवाच्या खुणा येथे आहेत. मुसलमान कुळात जन्मून मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिणारे संत शेख महंमद यांची समाधी येथेच आहे. तालुका मूळचा अवर्षणाचा. घोड आणि कुकडी प्रकल्पांचे पाणी आले तसा ऊस आला, ऊस आला तसे साखर कारखाने आले. उसाची साखर झाली की मळी उरते, मळीपासून मद्यार्क निघतो आणि त्या मद्यार्कातूनच देशी दारू होते. म्हणजे दिवसभर फडात कोयता चालवून जो ऊस माणूस मोळी बांधून पाठवितो, तोच रंग पालटून संध्याकाळी त्याच्या खिशातील मजुरी परत मागायला येतो. आमच्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबांचे पोट याच उसावर आहे. म्हणून हा हिशेब आम्हांला कागदावरचा वाटत नाही.

या संध्याकाळच्या जागेचे नाव ‘परमिट रूम’. नावामागे इतिहास आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर पिणाऱ्याजवळ सरकारी परवाना असणे आवश्यक झाले. दारूबंदीच्या त्या काळात मुंबईच्या वांद्रे, धोबीतलाव अशा वस्त्यांत काही घरांच्या मागल्या खोल्यांतून चोरून दारू मिळे. त्या चालविणाऱ्या बायकांना सारे ‘आंटी’ म्हणत आणि त्यांपैकी अनेकजणी आपल्याच समाजातील होत्या, हे आपण नाकारू नये. पुढे १९६० नंतरच्या दशकांत कायदा सैल झाला, परवानाधारकांसाठी खोल्या उघडल्या. पण चोरून पिण्याच्या काळात अंगवळणी पडलेला अंधार मात्र तसाच राहिला. बंदी गेली, पडदा राहिला.

अशा एका खोलीत आम्ही एकदा शिरलो आहोत. एका धर्मग्रामस्थाची आई आजारी होती आणि त्याला घरी बोलावून नेणारे दुसरे कोणी नव्हते. काळ्या काचेचे दार, आत तांबडा मिणमिणता दिवा, दोन टेबलांमध्ये प्लायवुडच्या फळ्या. कोणाचे तोंड कोणाला दिसू नये अशीच सारी रचना. ऑर्डर घेणाऱ्या पोऱ्याला गिऱ्हाइकाचे नाव ठाऊक नव्हते, किती नंबरचे टेबल एवढेच ठाऊक होते. आमचा माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता. आम्हांला पाहून तो उठला, मुकाट्याने बरोबर आला आणि वाटेत म्हणाला, “फादर, तिथं कुणी काही विचारत नाही, तेवढंच बरं वाटतं.”

त्यानंतर दीड वर्षाने आम्ही त्यालाच मूठमाती दिली. वय चाळीसच्या आत, यकृत निकामी झालेले. मातीनंतरच्या तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी प्रार्थनेला गेलो. प्रार्थना आटोपल्यावर बायामाणसे पांगली. त्याची पत्नी चुलीजवळ बसली होती. ती रडत नव्हती. ती म्हणाली, “फादर, लोक म्हणतात ते दारूपायी गेले. पण पहिल्यांदा ते दारूसाठी जात नव्हते. बसायला जात होते. घरात दहा बाय दहाची खोली, पोरांचा अभ्यास, माझी भांडीकुंडी. बाप्या माणसानं संध्याकाळी बसायचं कुठं?”

तिच्या त्या प्रश्नाला उत्तर देण्याइतके तत्त्वज्ञान आम्ही सेमिनरीत शिकलो नव्हतो.

त्याच सुमारास, म्हणजे २०२४ च्या डिसेंबरात, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घेण्यासाठी आम्ही काही कुटुंबांसह जुन्या गोव्यास गेलो. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा तो दर्शनसोहळा होता. रांगेत उभे राहून दर्शन झाले. मंडळी विश्रांतीला गेली आणि आमचे एक सेमिनरीतील वर्गबंधू आम्हांला साष्टी तालुक्यातील आपल्या गावी घेऊन गेले. संध्याकाळी ते म्हणाले, “चल, तुला आमचे ताव्हेर्न दाखवितो.” धर्मगुरूने दारूच्या दुकानी जावे काय, हा विचार आमच्या चेहऱ्यावर उमटला असावा. ते हसून म्हणाले, “अरे, तिथे माझा अर्धा धर्मग्राम भेटतो, त्यात फार थोडे पिणारे असतात.”

ते ताव्हेर्न म्हणजे एका कौलारू घराची पुढली खोली. दार सताड उघडे, रस्त्यावरचा उजेड आत आणि आतला उजेड रस्त्यावर. लाकडी फळीचा गल्ला, दोन बाके, भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्यापुढे विजेचा लहानसा दिवा. मालकीण साठीच्या पुढची. तिने आम्हांला पाहून एकच शब्द उच्चारला, “बसात.” कोंकणीतील ते आर्जव ऐकून आमच्या मनात चटकन श्रीगोंद्याचे ‘बसायचं का’ जागे झाले. शब्द तोच; अर्थ मात्र येथे अजून जागेवर होता.

बाकावर चार-पाच माणसे होती. एक ट्रकचालक, एक निवृत्त शिक्षक, एक खलाशी सुट्टीवर आलेला, एक पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. विषय होता गावच्या फेस्ताची वर्गणी. मालकिणीने आमच्या मित्रापुढे लहानसा पेला ठेवला, शेजारी मिठातल्या कैरीची फोड. आम्हीही बोटभर फेणी घेतली, ते वाचकांपासून कशाला लपवावे? काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला. त्याच्या बोंडांचा रस आंबवून भट्टीवर चढवितात, पहिल्या धारेचा हुर्राक आणि तो पुन्हा चढविला की फेणी. हुर्राक उन्हाळ्यातच मिळतो, असे बाईंनी आम्हांला शाळेतल्या बाईंसारखे समजावून सांगितले. याच काजूफेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. पण आमचे लक्ष पेल्याकडे कमी आणि बाईंकडे अधिक होते. पाडेल्याने दुसरा पेला मागितला, तेव्हा त्या हिशेबाच्या वहीवरून मान वर न करता म्हणाल्या की, उद्या सकाळी तुला माडावर चढायचे आहे, आता घरी जा; आणि घरी जाताना बायकोला सांग, तिचे भांडे माझ्याकडे राहिले आहे. तो निमूटपणे उठला. इतक्यात चर्चची आंजेलुसची घंटा झाली. सारे उभे राहिले, क्रुसाची खूण केली, क्षणभर ओठ हलले आणि पुन्हा वर्गणीचा विषय सुरू झाला.

गोव्यात सारे आलबेल आहे असे आम्हांला म्हणावयाचे नाही. परतीच्या वाटेवर आमच्या मित्रानेच दारूने धुळीला मिळालेली तीन घरे आम्हांला दाखविली. पेला उजेडात घेतला म्हणून त्यातील विष उतरत नाही. तरीही त्या खोलीत असे काहीतरी होते, जे काळ्या काचेमागे नव्हते. तेथे पिणाऱ्याला नाव होते, घर होते, उद्याचे काम होते आणि ‘आता पुरे’ म्हणणारे माणूस होते. परमिट रूम माणसाला लपण्याची जागा देते. त्या ताव्हेर्नमध्ये माणूस दिसत होता.

युरोपात उत्तरेकडे डेन्मार्क नावाचा लहान देश आहे. तेथील लोक चार माणसांत मिळणाऱ्या उबेला ‘ह्युगे’ म्हणतात आणि त्यांच्या लहान गावांतील कोपऱ्यावरच्या बारमध्येही ती ऊब शोधतात. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील शेतकऱ्यांनी वर्गण्या काढून गावोगावी सभागृहे बांधली. व्याख्याने, गाणी, लग्ने, चर्चा तेथे होऊ लागल्या. माणसाला भाकरीइतकीच बैठकही लागते, हे त्या शेतकऱ्यांनी ओळखले होते.

आपल्या जिल्ह्यानेही दारूशी झुंज दिली आहे. शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीने १९७५ नंतरच्या वर्षांत गावातील भट्ट्या बंद केल्या. निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला कौल दिला की गावातील दुकान बंद करण्याची तरतूद महाराष्ट्रात आली आणि ठिकठिकाणच्या भगिनींनी ती वापरली. २०१७ साली नगर तालुक्यातील पांगरमल येथे निवडणुकीच्या मेजवानीतील विषारी दारूने माणसे दगावली, ते आपण विसरलेलो नाही. बाटली आडवी झालीच पाहिजे, यात आमचे दुमत नाही. परंतु बाटली आडवी झाल्यावर संध्याकाळी सात वाजता तो माणूस उभाच राहतो. पार रस्तारुंदीत गेला, ओट्यांना लोखंडी जाळ्या लागल्या, घरातील प्रत्येकाचा मोबाइल वेगळा. त्या विधवा भगिनीचा प्रश्न दुकानाला कुलूप लागल्यावरही शिल्लक राहतो.

प्रभू येशू काना गावच्या लग्नात गेला, जकातदारांच्या पंक्तीला बसला. त्याला खादाड आणि मद्यपी म्हणणारेही निघाले. त्याने पंगत सोडली नाही. पंगतीत तो माणसाला नावाने हाक मारी आणि झाडावर चढलेल्या जक्कयाला खाली उतरवून त्याच्याच घरी उतरे. त्याच्या या रीतीचा विचार करून आम्ही चर्चच्या आवारातील कडुलिंबाखाली चार बाके टाकली. वर एक दिवा लावला. संध्याकाळी साडेसहा ते नऊ फाटक उघडे असते. चहाची किटली असते, दोन वर्तमानपत्रे असतात, कॅरम असतो. नियम एकच: तेथे कोणी कोणाला उपदेश करायचा नाही; धर्मगुरूनेसुद्धा. हा नियम आम्हांलाच सर्वांत जड जातो.

फार मोठे यश मिळाले असे नाही. काहीजण येतात, चहा घेतात आणि येथून उठून तिकडेही जातात. पण तिकडे गेलेल्याची आता चौकशी होते. दोन दिवस दिसला नाही तर कोणीतरी त्याच्या घरी डोकावते. परधर्मीय शेजारीही येऊ लागले आहेत. त्या भगिनीचा थोरला मुलगा दहावीत आहे. घरातील गर्दीतून उठून तो दिव्याखालच्या बाकावर पुस्तक घेऊन बसतो. मोठी माणसे त्याच्यासाठी आवाज थोडा खाली आणतात.

वाचकहो, चर्चची चार बाके तालुक्याला पुरणार नाहीत. ज्यांच्या घराला ओटा आहे त्यांनी त्याची जाळी संध्याकाळपुरती उघडावी. ज्यांच्या घरी एक जादा खुर्ची आहे त्यांनी ती दाराबाहेर ठेवावी. रस्त्याने जाणाऱ्या शेजाऱ्याला नावाने हाक मारावी आणि आपले ते जुने क्रियापद पुन्हा त्याच्या मूळ अर्थाने वापरावे: “या, बसा.”