दशांशांनी कोरलेला बांध

पाणलोटाच्या कामासाठी दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावाच्या गटांच्या हद्दी आम्हाला हव्या होत्या. फाइल आली. उघडली तर गट नंबरापुढच्या रकान्यात अंक-अक्षरांची लांबच लांब ओळ, आणि प्रत्येक ओळीची सुरुवात एकच: ०१०६००००२०ई६१०००००. सोबतचा मुलगा म्हणाला, "सर, फाइल खराब आलीय."

खराब नव्हती. पोस्टजीआयएस या डेटाबेसमध्ये आकृत्या बाइनरीत असतात आणि बाहेर काढल्या की अशा दिसतात. मी त्याला एकेक तुकडा वाचून दाखवला. पहिला बाइट ०१, म्हणजे पुढचे आकडे शेवटच्या बाइटपासून मागे वाचायचे. ०६ म्हणजे मल्टिपॉलिगॉन, २० म्हणजे निर्देशांक प्रणालीचा क्रमांक पुढे दिला आहे. ई६१० उलटे वाचले की १०ई६, दशमानात ४३२६. म्हणजे जीपीएस वापरते तेच रेखांश-अक्षांश. पुढे प्रत्येक कोपऱ्याला सोळा बाइट, आठ रेखांशाचे, आठ अक्षांशाचे. मुलाचा चेहरा उजळला आणि मलाही तितकाच आनंद झाला.

पोस्टजीआयएसचे एसटी_अॅजटेक्स्ट हे फंक्शन चालवल्यावर त्याच ओळींचा मजकूर (डब्ल्यूकेटी) झाला. कंसात रेखांश, अक्षांश, स्वल्पविराम, पुढचा कोपरा आणि शेवटी पुन्हा पहिला. बांधावर उभे राहून ताडून पाहायला हेच रूप सोयीचे.

तशा त्याच गावाच्या हद्दी आमच्याकडे आधीपासून मजकुराच्या रूपात होत्या. पण कुणीतरी फाइल लहान करण्यासाठी दशांशानंतरचे चारच आकडे ठेवले होते. त्या नकाशावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची बांधालगतची विहीर शेजाऱ्याच्या गटात दिसत होती. "ही विहीर माझ्या आज्यानं खोदलीय," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. खरे तोच बोलत होता. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा. चार दशांशांवर आकडा आणला की कोपरा उत्तर-दक्षिण साडेपाच मीटरपर्यंत सरकतो, आणि चौरस गुंठ्याची बाजू असते दहा मीटर. तीन दशांशांवर ही सरक पंचावन्न मीटरपर्यंत जाते. चौरस एकराची बाजूच चौसष्ट मीटर. शिवाय एका गटाचा कोपरा जिथे शेजाऱ्याच्या सरळ बांधावर मध्येच टेकतो, तिथे दोन गटांमध्ये फट पडते किंवा ते एकमेकांवर चढतात. बाइनरीतून घेतलेल्या हद्दी लावल्यावर विहीर म्हाताऱ्याच्या गटात आली.

आपल्याकडे हातभर बांध कोरला म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात. म्हणून जमिनीचा डेटा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कळकळीची विनंती: मूळ प्रत बाइनरीतच जपा. मजकूर द्यायचा असेल तर निदान सात दशांश राखा. सतरा सार्थ अंक राखले तर त्यातून मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. आणि प्रणालीचा क्रमांक सोबत लिहा, कारण साध्या डब्ल्यूकेटी मजकुरात तो नसतो.