परतलेला गळा

एखाद्या गवयाचे उत्तम गाणे कोणते, या प्रश्नावर दोन रसिकांचे एकमत झाल्याचे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. त्यातून तो गवई मधली काही वर्षे मुका राहून पुन्हा गाऊ लागलेला असेल, तर या वादाला जी धार चढते ती भावाभावांतील वाटणीच्या दाव्यालाही चढत नाही. आम्ही वीस वर्षे दिवाणी न्यायालयात काढली आहेत. तेव्हा वाचकांनी ही अतिशयोक्ती समजू नये. वाटणीच्या दाव्यात निदान जमिनीचा उतारा तरी पुढे ठेवता येतो. येथे प्रत्येकाचा पुरावा त्याच्या कानात असतो, आणि तो कान न्यायालयात हजर करता येत नाही.

बेळगावात आमची काही मित्रमंडळी शनिवारी संध्याकाळी एकत्र जमतात. तेथे हा वाद बहुधा कुमार गंधर्वांवरून पेटतो. ते साहजिकच आहे. कारण शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ हा मुलगा ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मला तो येथून जवळच्या सुळेभावी गावी. ‘आमचा माणूस’ म्हणून जो अभिमान असतो, तो वादाच्या वेळी मालकी हक्कासारखा वापरला जातो. आमच्यातील दोघा वृद्धांनी त्यांना समोर बसून ऐकले आहे. ते १२ जानेवारी १९९२ रोजी गेले तेव्हा आम्ही शाळकरी होतो. म्हणून आमची साक्ष केवळ ध्वनिमुद्रणांची.

प्रकरणातील निर्विवाद गोष्टी थोडक्यात अशा. लहानपणी हा मुलगा मोठमोठ्या उस्तादांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवी. पुढे मुंबईस प्रा. देवधरांच्या विद्यालयात तो शिकला. १९४७ साली विवाह झाला, आणि लगेच क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी १९४८ मध्ये कुमार माळव्यात देवासला जाऊन राहिले. गाणे बंद. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. पत्नी भानुमतीबाईंनी नोकरी करून घर चालविले आणि शुश्रूषाही केली. सुमारे पाच वर्षांनी, स्ट्रेप्टोमायसिनसारखी नवी औषधे उपलब्ध झालेल्या त्या काळात, ते बरे होऊन पुन्हा मैफलीत बसले. अंथरुणावर असताना कानांवर पडलेली माळव्याची लोकगीते त्यांच्या गाण्यात उतरली होती. त्यांतून मालवती, संजारी, अहिमोहिनी यांसारखे राग आले. १९६५ साली ‘अनूपरागविलास’ हा बंदिशींचा ग्रंथ आला. निर्गुणी भजने आली.

येथून पुढे वादी आणि प्रतिवादी. पहिला पक्ष म्हणतो, आजारापूर्वीचा तो तेजस्वी, अखंड श्वासाचा गळा पुन्हा कधीच ऐकू आला नाही. नंतरचे छोटे छोटे स्वरसमूह म्हणजे दुबळ्या छातीने काढलेला मार्ग होय, आणि तुम्ही त्या दुखण्यालाच शैली म्हणून हार घालता. दुसरा पक्ष विचारतो, मुलाने उस्तादांची केलेली नक्कल श्रेष्ठ, की ज्यात दुसऱ्या कोणाचाच आवाज नाही असे प्रौढाचे गाणे श्रेष्ठ? तिसऱ्याला कबीराच्या भजनांपुढे सारे ख्याल फिके वाटतात. चौथा, जो बँकेत हिशेब तपासतो, तो ‘ऋणानुबंधाच्या’ या नाट्यगीतापलीकडे जाण्यास तयार नाही आणि त्याला त्याची लाजही वाटत नाही.

हे भांडण केवळ आमच्या पिढीचे किंवा आमच्या संगीताचे आहे, असा आमचा समज होता. तो आमच्या भाच्याने दूर केला. हा मुलगा पणजीला शिकतो आणि रॅप नावाचा प्रकार ऐकतो. त्यात सुरापेक्षा तालावर आणि यमकांच्या गुंफणीवर भर असतो. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात वाढलेला एमिनेम हा त्याचा आवडता. २००० च्या सुमारास हा मनुष्य कीर्तीच्या शिखरावर होता. मग औषधी गोळ्यांचे व्यसन जडले, २००७ च्या डिसेंबरात त्यांच्या अतिसेवनाने तो मरता मरता वाचला. २००९ मध्ये ‘रिलॅप्स’ आणि २०१० मध्ये ‘रिकव्हरी’ असे दोन संग्रह काढून तो परतला. नावेच पाहा: आधी दुखणे उलटणे, मग बरे होणे. भाचा सांगतो की त्याच्या मित्रांतही हेच पक्ष आहेत. एकाला व्यसनापूर्वीचा उन्मत्त एमिनेम हवा, एकाला सावध झालेला. गंमत अशी की ‘रिकव्हरी’तील एका गाण्यात त्याने स्वतःच आधीच्या संग्रहाला नावे ठेवली आहेत, तरी काही चाहते आजही तोच संग्रह उचलून धरतात. कर्त्याचा कबुलीजबाब पुढे असताना न्यायाधीशांनी तो फेटाळावा, असा हा मामला! त्या संगीताविषयी मत देण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु वादाची जात आम्ही ओळखली.

आता ज्या कारणास्तव हा लेख लिहावयास घेतला तेथे येतो. आमच्या समाजाच्या देवळात एकादशीचे भजन गेली तीस वर्षे एक बुवा करीत. आवाज पहाडी; पेटी काळी चारला धरावी लागे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली, पुढे औषधोपचार लांबला आणि दोन वर्षे त्यांचे गाणे थांबले. गेल्या कार्तिकीपूर्वी त्यांनी समितीला निरोप धाडला की, या वेळी आपण बसू. समितीत कुजबुज सुरू झाली. त्यात दुष्टावा मुळीच नव्हता. बुवांचे हसे होऊ नये, एवढीच सर्वांची इच्छा. एका विश्वस्तांनी सुचविले की, बुवांना शाल-श्रीफळ द्यावे, पुढे सन्मानाने बसवावे, आणि त्यांचे जुने ध्वनिमुद्रण लावावे. समितीचे कायद्याचे काम आम्ही पाहतो, म्हणून मत आम्हांस विचारण्यात आले.

आम्ही म्हणालो, “ज्याला गायचे आहे त्याला त्याचीच जुनी फीत ऐकवणे हा सन्मान कसा? मयताच्या मालमत्तेची व्यवस्था आपण करतो. हे गृहस्थ हयात आहेत.” शब्द थोडे कठोर गेले, पण ठराव बदलला.

बुवा बसले. पेटी पांढरी दोनला आली. पहिला अभंग कापऱ्या आवाजात गेला. दुसऱ्यात ते जेथे पूर्वी लांब आलाप घेत, तेथे थांबले आणि टाळकऱ्यांना ओळ दिली. सारा सभामंडप ती ओळ गाऊ लागला. तिसऱ्यात ठेका एकदा निसटला. कोणी डोळे पुसले, कोणी घड्याळ पाहिले. आम्ही दोन्ही पाहिले, म्हणून दोन्ही लिहितो.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायऱ्यांवर वाद जुंपला. एक म्हणे, पूर्वीचे दहा आणे उरले नाहीत. दुसरा म्हणे, ती ओळ मंडपाच्या तोंडी देणे पूर्वीच्या सर्व आलापांपेक्षा सरस. हे बुवांच्या कानी गेले असणार, या चिंतेने आम्ही संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. ते प्रसन्न होते.

“वकीलसाहेब,” ते म्हणाले, “दोन वर्षं जो भेटला त्यानं तब्येत विचारली. गाण्याबद्दल कोणी अक्षर काढलं नाही. काल ठेका निसटला, तो आज पहिल्यांदा कोणीतरी माझ्या पदरात घातला. मी परत आलो म्हणायचं.”

या एका वाक्याने आमच्या शनिवारच्या भांडणाकडे पाहण्याची आमची दृष्टी पालटली. आजारी माणसाची आपण कीव करतो. तिच्यात वाद नसतो, कारण तिला अपेक्षाच नसते. उत्तम कोणते आणि उणे कोणते, हा झगडा आपण त्याच्याशीच घालतो ज्याच्याकडून अजून काही घ्यावयाचे आहे. मैफलीत परतलेल्या कुमारांवर पुढे चाळीस वर्षे रसिक भांडले आणि त्यांची जन्मशताब्दी होऊन गेली तरी भांडत आहेत. त्यांना कोणी केवळ ‘आजारातून उठलेला बिचारा गवई’ म्हणून ऐकले नाही, हे त्या भांडखोर श्रोत्यांचे मोठे ऋण मानले पाहिजे.

येत्या आषाढीला बुवा पुन्हा बसणार आहेत. ज्या विश्वस्तांनी फीत लावण्याची सूचना केली होती, त्यांनीच परवा निरोप पाठविला आहे की, मागच्या वेळचा तिसरा अभंग मुळीच घेऊ नये, त्याऐवजी दुसरा बसवावा. बुवांनी उलट निरोप धाडला आहे की, तोच घेणार, आणि ठेका दुरुस्त करून घेणार.