काशीची होळी : गुलालाची आणि राखेची

होळीचा सण काशीत एका दिवसात आटोपत नाही. वसंत पंचमीला चौकाचौकांत एरंडाचे झाड रोवले जाते आणि तिथूनच होळीची चाहूल लागते. आपल्याकडेही होळीच्या मधोमध एरंड उभा करतात. काशीत तो महिनाभर आधी येतो आणि पौर्णिमेपर्यंत त्याच्याभोवती लाकूडफाटा साचत जातो, एवढाच फरक.

काशीकरांना मात्र ओढ असते ती रंगभरी एकादशीची. या नगरीत विश्वनाथाचा संसार माणसांसारखाच चालतो. वसंत पंचमीला त्याचा तिलक होतो, महाशिवरात्रीला लग्न लागते आणि फाल्गुन शुद्ध एकादशीला गौना. पूर्वी उत्तरेत लग्न लहानपणीच होई. मुलगी जाणती झाल्यावर तिची सासरी पाठवणी होई, तोच हा गौना. शंकर गौरीला घरी घेऊन येतात, म्हणून त्यांच्या रुपेरी मूर्ती पालखीतून मंदिरात नेतात. वाटेवर इतका गुलाल उधळला जातो की पायाखालचे दगड दिसेनासे होतात. हे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली उभारलेले. २०२१ मध्ये मंदिरापासून गंगेपर्यंत प्रशस्त मार्ग खुला झाला, त्यात भोवतालच्या कित्येक जुन्या गल्ल्या मात्र गेल्या.

एकादशीला देव आणि माणसे खेळली. मग शिवाचे भूतगण कुठे खेळणार? लोककथा सांगते की, त्यांच्यासाठी महादेव दुसऱ्या दिवशी मणिकर्णिकेच्या स्मशानात येतात. तिथे रंग नसतो, चितेची राख असते. डमरूंच्या गजरात ती उधळली जाते आणि दोन पावलांवर चिता जळत असतात. या ‘मसान होळी’ची कीर्ती देशभर नेली ती पं. छन्नुलाल मिश्र यांच्या गायनाने.

पण अलीकडे इथली गर्दी बेसुमार वाढली आहे. कॅमेरे उंचावलेले, तरुणांचा आरडाओरडा आणि त्यातून वाट काढत खांद्यावर तिरडी घेऊन येणारे नातेवाईक! या प्रकाराला शास्त्राधार नाही, असा आक्षेप काशीतल्याच काही विद्वानांनी घेतला आहे. मृत्यूचे भय घालवणारा उत्सव म्हणून त्याचे समर्थन करणारेही आहेत. मात्र ज्याच्या घरचे माणूस त्याच दिवशी गेले, त्याला कोणी विचारत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात पंडितजींवरही याच मणिकर्णिकेवर अंत्यसंस्कार झाले.

पौर्णिमेच्या रात्री होळी पेटते आणि दुसऱ्या सकाळी शहर रंगात बुडते. उत्तरेच्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे तिथे हा चैत्राचा पहिला दिवस. ब्रह्माघाट, दुर्गाघाट परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या पंचांगात मात्र ती असते फाल्गुन वद्य प्रतिपदा! शेजारी चैत्र लागला, आपला पाडवा अजून पंधरवडा दूर.

या सकाळी परक्या माणसाने, विशेषतः एकट्या स्त्रीने, गल्लीत उतरण्याचा मोह टाळावा. गच्चीवरून मौज पाहावी. ठंडाईचा पेलाही ‘भांग आहे का?’ असे विचारूनच हाती घ्यावा. आपल्या करंजीची बहीण शोभणारी, खव्याची गुझिया मात्र बिनधास्त खावी.

दुपारनंतर सारे बदलते. नाहून, नवे कपडे घालून लोक बाहेर पडतात, थोरांच्या पायांवर गुलाल ठेवतात आणि चौसष्टी देवीच्या दर्शनाला जातात.

होळीनंतरच्या मंगळवारी ‘बुढवा मंगल’. एकेकाळी रईसांचे सजवलेले बजरे गंगेच्या पात्रात रात्रभर तरंगत आणि त्यांवर ठुमरी-चैतीच्या मैफली रंगत. आता रईस नाहीत. तरी त्या संध्याकाळी होड्यांवर गाद्या-लोड मांडले जातात, गुलाबपाणी शिंपडले जाते आणि पलीकडच्या वाळूवर अंधार पडता पडता पहिली चैती सुरू होते.