कुरकुर चालते तिथं

दादाला आता घरी सांभाळणं जमणार नाही, हे सगळ्यात आधी वहिनीच बोलल्या. त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी वजन उचलायला कायमची मनाई केली होती. दादा मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होता. १९९६ साली काश्मीरमध्ये फौजी गाडी दरीत गेली आणि त्याचा छातीच्या वरच्या भागातला मणका मोडला. हात शाबूत राहिले, पण छातीखालचं सगळं अंग बधिर झालं. खडकीच्या मिलिटरी हॉस्पिटलात स्पायनल वॉर्डात बरेच महिने काढून तो कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी परतला. तेव्हापासून वहिनींनी त्याच्या अंगावर एकही खोल जखम होऊ दिली नाही.

यात काय विशेष, असं ज्यांना वाटेल त्यांना थोडं सांगायला हवं. धडधाकट माणूस झोपेतही आपसूक कूस बदलतो, कारण दबलेली जागा दुखते. दादाला ती दुखत नाही. माकडहाड, कुल्ले, खुब्याचं हाड, टाचा, जिथं जिथं हाड कातडीला टेकतं तिथं रक्त पोचणं थांबतं आणि काही तासांतच मांस मरायला लागतं. वरून फक्त लाली दिसते. ती लाली अंगठ्यानं दाबून पाहायची. दाबल्यावर पांढुरकी झाली आणि सोडल्यावर परत लाल झाली, तर अजून वेळ आहे. दाबूनही तशीच लाल राहिली, तर आत बिघाड सुरू झालेला असतो आणि त्या जागेवर परत भार द्यायचा नसतो. हे मला वहिनींनी शिकवलं. त्यांना ते खडकीच्या एका सिस्टरनं शिकवलं होतं.

पहिल्या महायुद्धात मणक्याला मार लागलेले बहुतेक सैनिक अशा जखमांनी आणि लघवीच्या संसर्गानं थोड्याच काळात दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल इस्पितळात डॉ. लुडविग गुटमन यांनी स्पायनल विभाग सुरू केला आणि दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायचा नियम घातला. माणसं जगू लागली. मग ती नुसती जगून काय करणार, हाही प्रश्न त्यांनीच हातात घेतला आणि २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, चाकाच्या खुर्चीतल्या १६ माजी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. पुढची पॅरालिंपिक तिथूनच उगवली. आपल्या मुरलीकांत पेटकरांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ साली हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, ती याच वाटेवरची पुढची गोष्ट. दादाच्या खोलीत त्यांचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो अजून आहे.

पुणे परिसरात या कामाची जुनी परंपरा आहे. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासूनची, कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं, आणि पाठीच्या कण्याच्या इजेनं कायमचे खुर्चीला खिळलेल्या जवानांसाठी खडकीतच १९७४ साली पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर उभं राहिलं. तिथले जवान चाकाच्या खुर्चीवर बास्केटबॉल खेळतात, ज्यांचे हातही गेलेत ते तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. आम्ही तिथल्या अर्जाचे कागद जमवायला घेतले. पण ते सगळं होईपर्यंत मधल्या काळासाठी जागा हवी होती, आणि वहिनींना एसटीनं येऊन जाऊन भेटता येईल अशी हवी होती. म्हणून आम्ही दोघी खासगी केंद्रं बघायला निघालो.

पहिलं केंद्र माजी सैनिकांसाठी म्हणूनच चालवलेलं. दारात तिरंगा, भिंतीवर रणगाड्यांचे फोटो, चकाचक फरशी. मॅनेजरनं आधी पेन्शन किती ते विचारलं. मग पूर्ण अपंगत्व असलेल्यांना सोबतीच्या माणसासाठी जो वेगळा भत्ता मिळतो, तो चालू आहे का ते विचारलं. दादाला इजा नेमकी कुठं झाली आहे, हे मात्र विचारलं नाही.

वॉर्डात सकाळचे अकरा वाजले असतील. सगळे जण पलंगावर, अंगात एकसारखे स्वच्छ कपडे, चादरींना सुरकुती नाही. भिंतीला खुर्च्यांची रांग लावलेली होती. त्या सगळ्या खुर्च्यांची मागची चाकं छोटी होती. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, वहिनी तिथंच थांबल्या. "वन्सं, या खुर्चीत बसणाऱ्यानं चाक फिरवायचं कसं?" आणि खरंच, मागची मोठी चाकं असतील तरच माणूस आपल्या हातानं खुर्ची हाकू शकतो. छोट्या चाकांच्या खुर्चीला मागून ढकलणारा माणूस लागतोच. मॅनेजर म्हणाला, "आमचे मामा आहेत ना ढकलायला." दादाचे दंड अजून पैलवानासारखे आहेत. गावात तो स्वतःच्या खुर्चीनं पारापर्यंत जातो, पेपर वाचतो, कुणाच्या बांधाच्या भांडणात मध्यस्थीही करतो. अशा माणसाला पाणी प्यायला जायचं तरी मामांची वाट पाहायला लावणं ही माझ्या मते कैदच आहे, फरशी कितीही चकचकीत असो.

मी टेप घेऊन गेले होते. दाराशी चढ दोन फुटांचा आणि रॅम्प जेमतेम आठ फुटांचा. एक फूट चढाला बारा फूट लांबी असावी हा साधा हिशेब आहे. इथं तर खुर्ची उतरताना माणूसच पुढं फेकला जाईल. न्हाणीघराचं दार इतकं अरुंद की खुर्ची आत जाणारच नाही. म्हणजे अंघोळ पलंगावर, ओल्या फडक्यानं, रोज, कायमची.

पण माझं मन खरं उडालं ते कूस बदलण्याच्या तक्त्यामुळं. प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी तक्ता टांगलेला होता, दर दोन तासांचा रकाना, रकान्यात सही. कामात चोख वाटावं असा. वहिनींनी चष्मा लावून तो वाचला आणि मला कोपरानं ढोसलं. सकाळचे अकरा वाजले होते आणि संध्याकाळच्या सहाच्या, आठच्या रकान्यातही सही होती. एकाच पेनानं, एकाच हातानं.

तिथल्या एका नायकसाहेबांना मी विचारलं, "कसं आहे इथं?" मॅनेजर शेजारी उभा होता. ते म्हणाले, "सब बढ़िया है, मॅडम." तो गेल्यावर परत विचारलं. उत्तर तेच. भीतीपोटी ते तसं बोलले असं मला वाटत नाही. फौजेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला वरच्याबद्दल बाहेरच्यापुढं बोलायचं नसतं, गैरसोय सोसायची असते, आणि कुणी विचारलं तर ताठ मानेनं ठीक आहे म्हणायचं असतं. दादाही असाच. एकदा त्याची लघवीची नळी दुमडून ताप चढला तरी तो वहिनींना म्हणाला होता, "काही नाही, उतरेल." जी शिस्त सीमेवर माणसाला तगवते, तीच पलंगावर त्याचा घात करू शकते. अशा लोकांच्या समाधानावरून केंद्र चांगलं की वाईट ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायलाच हवं. म्हणून वहिनींनी प्रश्न बदलला. नायकसाहेबांना त्या म्हणाल्या, "भाऊ, काल संध्याकाळी कुठं होता तुम्ही?" "इथंच." "परवा?" "इथंच." "बाहेर ऊन कधी खाल्लं?" ते जरा थांबले आणि मग दिवाळीबद्दल काहीतरी बोलले. आम्ही गेलो तेव्हा मार्च होता.

निघताना मी मॅनेजरला एक प्रश्न टाकला. दादासारखी छातीच्या वरच्या मणक्याची इजा असलेल्यांना एक धोका असतो. मूत्राशय तुंबलं, संडासला खडा झाला, अगदी बुटात खडा टोचत असला, तरी शरीराला ते कळत नाही, पण रक्तदाब एकदम भडकतो. डोकं फुटायला येतं, मानेवर, चेहऱ्यावर घाम येतो. वेळेत कारण सापडलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. असं झालं तर काय कराल? तो म्हणाला, "आडवं झोपवू, बीपी बघू, डॉक्टरांना फोन करू." आडवं झोपवणं हेच नेमकं करायचं नसतं.

मधली एकदोन ठिकाणं लिहिण्यासारखी नाहीत. एक तर वृद्धाश्रमच होता, पाटी नवी लावलेली.

शेवटचं केंद्र सातारा रस्त्याच्या बाजूला, जुन्या बैठ्या इमारतीत. रंग उडालेला, फिनेलचा वास, अंगणात वाळत घातलेल्या चादरी. तिथंही माजी सैनिक होते आणि शेतात झाडावरून पडलेले, बांधकामावरून कोसळलेले सिव्हिलियनही होते. आत शिरताच ऐकू आलं ते भांडण. चाकाच्या खुर्चीतले एक माजी सुभेदार स्वयंपाकाच्या मावशींना सुनावत होते की, डाळ पुन्हा पातळ झाली तर मी जेवणार नाही. मावशी त्यांना तितक्याच जोरात उत्तर देत होत्या. ब्रदर मध्ये पडला, "सुभेदारसाहेब, उद्यापासून घट्ट, माझा शब्द," आणि त्यानं ते वहीत लिहूनही घेतलं. आमच्याकडं त्याचं लक्षसुद्धा नव्हतं. मला त्या क्षणी हायसं वाटलं. ज्या जागी माणूस डाळीवरून भांडू शकतो, तिथं तो दुखतंय म्हणूनही सांगेल.

त्या सुभेदारांच्या उशाशी लांब दांड्याचा आरसा होता. वहिनींनी विचारलं तर ते म्हणाले, "माझा मी बघतो रोज, पाठीमागचं. ब्रदरवर कशाला विसंबू?" कूस बदलायच्या नोंदी इथं एका फाटक्या वहीत होत्या. वेळा वेड्यावाकड्या, दोन दहा, चार पंचवीस, आणि एका ठिकाणी चक्क लिहिलेलं, 'पेशंट नको म्हणाले, गाढ झोपेत.' खरी वही अशीच असते.

वहिनींनी एका तरुण मुलाची परवानगी घेऊन त्याच्या टाचा पाहिल्या. गादीच्या शिवणीवरून हात फिरवला, चादरीखाली चुरा, बटण काही आहे का ते पाहिलं. मग म्हणाल्या, "रात्री यायचंय मला." पहिल्या केंद्रात रात्री यायला मनाई होती. इथं ब्रदर म्हणाला, "या की, पण चप्पल काढून, पोरं उठतात."

रात्री एकच ब्रदर आणि एक मामा होते. तेवढ्या माणसांना ते कमी, यात शंका नाही, आणि मी तसं सांगितलंही. फिजिओथेरपिस्ट रोज येत नाही. मोठं हॉस्पिटल लांब आहे. पण घामाचा आणि डोकेदुखीचा तोच प्रश्न मी रात्रपाळीच्या त्या पोराला विचारला तेव्हा त्यानं क्षणभरही विचार केला नाही. "आधी बसवायचं. पाय खाली सोडायचे. कपडे सैल करायचे. मग नळी बघायची, कुठं दुमडलीय का, पिशवी भरलीय का. मग पोट." डॉक्टरांना फोन कधी, हे मी विचारलं. "नळी बघता बघता. मामा लावतात."

दादाला तिथं ठेवला. वहिनी दर आठवड्याला जातात, आणि ब्रदरशी बोलायच्या आधी त्याच्या टाचा बघतात. रॅम्पच्या कडेला कठडा नव्हता, तो आम्ही मागे लागून बसवून घेतला. रात्रीचा दुसरा माणूस अजून मिळालेला नाही, त्यासाठी बाकीच्या घरच्यांना बरोबर घेऊन मालकांशी बोलणं चालू आहे. आणि दादानं, ज्यानं आयुष्यात कधी काही मागितलं नाही, त्यानं दुसऱ्याच आठवड्यात अंघोळीच्या वेळेवरून वाद घातला. त्याला पहाटे साडेपाचला हवी, मामा साडेसातशिवाय तयार नव्हते. फोनवर मला म्हणाला, "तायडे, सहावर मिटवलंय. पण बघतो, पावणेसहा करून घेईन."