पापुद्रे

आमची धाकटी पुण्यात पीएचडी करते. पारावर विचारतात, "सुई टोचती का?" मी सांगतो, चिकटपट्टीनं पापुद्रे सोलती. खोटं नाही. 2004 साली मँचेस्टरला गाईम आणि नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफाइटचा अणूएवढा पातळ थर असाच सोलला. 2010 ला नोबेल मिळालं.

हिच्या स्फटिकात मँगनीज, बिस्मथ, टेल्युरियम. प्रत्येक थर म्हणजे एक चुंबक, शेजारच्या थराची ओढ नेमकी उलटी. थर सम असले की बरोबरी. पाच असले तर एकाची ओढ उरते. मग वीज आतून जात नाही, कडेकडेनं बिनअडथळा पळते. हे मला लगेच कळलं. बांधाकडेनं पाणी पळतं अन् वावर कोरडं, हे काय नवीन आहे का? पण 2020 साली चीनमध्ये हे दिसलं ते उणे 271 अंशांच्याही खाली. असला गारठा रोज कुठनं आणायचा? तो कमी लागावा म्हणून जगभर खटपट चालू आहे.

पाच वर्षं झाली. स्थळं आली, गेली.

परवा फोन आला. "आप्पा, नमुना हवेनं खराब झाला. परत सोलायचं."

"सोल की. इकडं सोयाबीनची दुबार पेरणी चाललीय."

हिनं फोन ओढून घेतला, "जेवलीस का?"