लाल काचेमागचा हाइड

खलनायक कसा ओळखायचा, हे सिनेमाने आपल्याला लहानपणीच शिकवले. गालावर व्रण, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात दारूचा पेला. पण भला आणि बुरा माणूस एकाच देहात राहत असेल, तर दिग्दर्शकाने काय करावे?

मला आवडलेले उत्तर १९३१ च्या एका कृष्णधवल चित्रपटात आहे. रूबेन मामूलियन यांचा 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड' स्टीव्हन्सनच्या १८८६ च्या कथेवर बेतलेला. सभ्य डॉक्टर जेकिल औषध पितो आणि आरशासमोर क्रूर हाइड होऊ लागतो. फ्रेडरिक मार्चचा चेहरा आपल्या डोळ्यांदेखत काळवंडतो, त्यावर रेषा उमटतात. युक्ती साधी होती. त्या रेषा लाल रंगाने आधीच रंगवलेल्या होत्या. लाल काचेतून त्या दिसत नसत. काच बदलली की काळ्या होऊन वर येत. मामूलियन यांनी हे गुपित अनेक वर्षे सांगितले नाही.

म्हणजे हाइड बाहेरून आलाच नव्हता. जेकिल सज्जन दिसत होता तेव्हाही तो त्याच्या गालावर होताच.

पुढे मात्र चित्रपट ही समज सोडतो. हाइडला पुढे आलेले दात, पसरट नाक, दाट केस मिळतात. मार्चला या भूमिकेसाठी ऑस्करही मिळाले, पण मला तो हाइड खटकतो. लाल रेषा सांगतात, वाईटपणा आपल्यातच आहे. ते दात आणि नाक सांगतात, वाईट माणूस आपल्यापेक्षा वेगळा दिसतो. पसरट नाकाची किती भली माणसे या जगात आहेत!

हे खटकणे नुसते पुस्तकी नाही. आपल्या हिंदी सिनेमातही अनेकदा अतिरेकी दाखवायचा झाला की डोळ्यांत सुरमा आणि गळ्यात तावीज येतो. माझे अब्बा दर शुक्रवारी नमाजला जाताना सुरमा घालत. त्या डोळ्यांत मी माया पाहिली. वर्गात एका मुलाने विचारले, "सर, ईदला सुरमा घालून एसटीत बसलो तर लोक काय समजतील?"

मी मराठीचा धडा बाजूला ठेवला. पांढऱ्या कागदावर लाल पेनाने काही शब्द लिहिले आणि वर लाल जिलेटिन धरले. अक्षरे जवळजवळ नाहीशी झाली. मग हाइडची गोष्ट सांगितली. मुलाच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नव्हते. एवढेच म्हणालो, पडद्यावर असो की एसटीत, माणूस दिसतो कसा हे नंतर. तो वागतो कसा, ते आधी पाहा.